एखादे विधान खरे आहे म्हणजे काय, हे कसे तपासावे

उन्हाळ्यात घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे विधान नागपुरात वाढलेल्या बहुतेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. ते खरे आहे का, असे चारचौघांत विचारले तर उत्तरे साधारण तीन वाटांनी येतात. कोणी म्हणतो, कांदा खरोखर उष्णता ओढून घेतो की नाही ते पाहा. कोणी म्हणतो, शरीर घामाने थंड होते हे आपल्याला माहीत आहे आणि त्या माहितीत खिशातल्या कांद्याला कुठेच जागा नाही. आणि कोणी म्हणतो, आमच्या आजोबांनी जन्मभर कांदा ठेवला, त्यांना एकदाही ऊन लागले नाही, आणखी काय हवे? वरवर पाहता या तिघांचा मतभेद कांद्याविषयी आहे, पण तो तितकाच ‘खरे’ या शब्दाविषयीही आहे. पहिला वस्तुस्थितीकडे बोट दाखवतो, दुसरा बाकीच्या ज्ञानाशी मेळ पाहतो, तिसरा फळ पाहतो. तत्त्वज्ञानात या वाटांना अनुक्रमे अनुरूपता सिद्धांत, सुसंगती सिद्धांत आणि फलप्रामाण्यवाद अशी नावे आहेत.

हे सिद्धांत परीक्षेसाठी पाठ करणे अवघड नाही. समोर आलेल्या एखाद्या विधानावर ते वापरून पाहणे मात्र सवयीने जमते, आणि विद्यार्थ्यांबरोबर अशी विधाने सोडवताना मला जो क्रम उपयोगी पडला तो पुढे देत आहे.

विधान आधी पूर्ण लिहून काढा

वाक्य आणि विधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आज फार ऊन आहे’ हे वाक्य मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, सीताबर्डीवर उभ्या असलेल्या माणसाने उच्चारले तर खरे ठरेल. तेच वाक्य जानेवारीच्या पहाटे तिथेच उच्चारले तर खोटे ठरेल. वाक्य बदलले नाही, पण त्यातून केलेले विधान बदलले. म्हणून खरेखोटेपणा ठरवण्याआधी कोणी, कधी, कुठे आणि कशाविषयी म्हटले, हे विधानातच लिहून घ्यावे. प्रश्न, आज्ञा आणि इच्छा यांना हा प्रश्न लागू होत नाही, कारण ‘संत्री गोड आहेत का?’ हे खरेही नसते आणि खोटेही नसते.

व्याप्ती दाखवणारे शब्द बहुधा गाळलेले असतात, तेही भरून घ्यावेत. मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन हंगाम. ‘मृगाची संत्री आंबियापेक्षा गोड असतात’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ मृग बहाराचे प्रत्येक फळ आंबिया बहाराच्या प्रत्येक फळापेक्षा गोड असते असा, की सर्वसाधारणपणे तसे आढळते असा? पहिल्या अर्थाचे विधान एका आंबट फळाने मोडते, दुसऱ्या अर्थाचे मोडत नाही. पुष्कळ वाद या पायरीवरच संपतात, असा माझा अनुभव आहे.

‘खरे कशामुळे’ आणि ‘खरे आहे हे कळले कशावरून’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो.

इतवारीच्या सराफ्यात सोने दगडावर घासून त्याचा कस पाहण्याची रीत जुनी आहे. दगडावर उमटलेली रेघ पाहून सराफ सोने ओळखतो. पण सोने सोने असते ते त्या रेघेमुळे नव्हे. दागिना कधीच दगडावर घासला गेला नाही, तरी त्यात सोने जितके असायचे तितकेच असते. सत्याच्या बाबतीतही कसोटी आणि स्वरूप या दोन गोष्टी अशाच वेगळ्या आहेत, आणि एखादा सिद्धांत वाचताना तो यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे हे प्रथम विचारावे.

हा फरक मनात पक्का व्हावा म्हणून मी एक उदाहरण देतो. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. त्याच्या कारकिर्दीतली एखादी ठरावीक सकाळ मनात धरा आणि ‘त्या सकाळी नाग नदीच्या दोन्ही काठांवर उभ्या असलेल्या चिंचेच्या झाडांची संख्या सम होती’ हे विधान घ्या. ते तपासण्याचे कोणतेही साधन आज उरलेले नाही आणि पुढेही मिळणार नाही. तरीही झाडे एक तर सम संख्येने होती किंवा विषम संख्येने होती, असेच आपल्याला वाटते. म्हणजे कसोटी पूर्णपणे नाहीशी झाली तरी खरेखोटेपणा शिल्लक राहतो. सगळेच तत्त्वज्ञ हे मान्य करत नाहीत. मायकेल डमेट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने नेमका इथे आक्षेप घेतला: जे विधान पडताळण्याचा मार्ग तत्त्वतःसुद्धा उपलब्ध नाही, ते निश्चितपणे खरे किंवा निश्चितपणे खोटे असते असे धरण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? प्रश्न गंभीर आहे. माझे मत झाडांच्या बाजूने आहे. ती कोणी मोजावीत म्हणून उभी नव्हती.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने हे दोन प्रश्न फार पूर्वी वेगळे केले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे चर्चा वाक्याची नसून ज्ञानाची आहे, हे ध्यानात ठेवावे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात यथार्थ अनुभवाची व्याख्या ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः’ अशी आहे. एखाद्या वस्तूत जो धर्म प्रत्यक्ष आहे त्याच धर्माने युक्त अशी ती वस्तू जाणवली, तर तो अनुभव यथार्थ होय. चांदीला चांदी म्हणून जाणणे यथार्थ, शिंपल्याला चांदी म्हणून जाणणे अयथार्थ. हे झाले स्वरूप. मग आपले ज्ञान यथार्थ आहे हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर वात्स्यायनाच्या न्यायभाष्याच्या पहिल्याच वाक्यात ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ या शब्दाने येते: ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली, तर ते ज्ञान प्रमाण होते असे कळते. स्वरूप वस्तुस्थितीशी बांधलेले आणि कसोटी फळाशी बांधलेली, अशी ही मांडणी आहे. पाश्चात्त्य चर्चेत अनुरूपतावादी आणि फलप्रामाण्यवादी प्रतिपक्षी म्हणून समोरासमोर उभे राहतात. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, दोघांना आपापले काम वाटून दिले.

वस्तुस्थितीशी अनुरूपता पाहा

आता विधान ज्या वस्तुस्थितीविषयी आहे ती नेमकी शोधावी. जे आहे ते आहे म्हणणे आणि जे नाही ते नाही म्हणणे हे सत्य, अशा आशयाचे ॲरिस्टॉटलचे वचन या सिद्धांताचे मूळ मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्ट्रांड रसेल आणि जी. ई. मूर यांनी त्याला नवे रूप दिले.

व्यवहारात ही पायरी अशी वापरावी: विधान खरे असेल तर जगात काय असायला हवे आणि खोटे असेल तर काय नसेल, हे एकेका वाक्यात लिहावे. ‘शून्य मैलाच्या दगडावर हैदराबादचे अंतर कोरलेले आहे’ हे विधान घेतले तर काम सोपे आहे. नागपुरातल्या या दगडाजवळ जाऊन पाहिले की झाले. ‘नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी आहे’ हे विधान घेतले तर मात्र थबकावे लागते. शहराची माती, रस्ते, तलाव कितीही न्याहाळले तरी उपराजधानीपण कुठे दिसणार नाही. ती वस्तुस्थिती माणसांनी घडवली आहे: १९५३ चा नागपूर करार झाला, पुढे राज्याची पुनर्रचना झाली आणि दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरू लागले. अशी विधानेही वस्तुस्थितीमुळेच खरी होतात. फक्त ती वस्तुस्थिती ठराव, करार आणि प्रथा यांची बनलेली असते, म्हणून ती पाहायला डोळ्यांऐवजी कागदपत्रे लागतात. माणसांनी घडवलेली गोष्ट म्हणजे मानली तर आहे, नाही तर नाही, अशी उडी कोणी मारू लागला तर त्याला इथेच थांबवावे. माझ्या एकट्याच्या न मानण्याने उपराजधानी बदलत नाही.

नकारात्मक विधानांपाशी हा सिद्धांत अडखळतो. ‘या टोपलीत एकही मोसंबे नाही’ हे खरे असेल, तर ते कशामुळे खरे आहे? टोपलीत संत्री आहेत म्हणून, की ‘मोसंब्याचे नसणे’ नावाची काही वस्तुस्थिती टोपलीत आहे म्हणून? रसेलने नकारात्मक वस्तुस्थिती असतात असे मानले होते, आणि हार्वर्ड विद्यापीठात हे मत मांडले तेव्हा जवळजवळ दंगल उसळली असे त्याने पुढे १९१८ च्या व्याख्यानांत सांगितले. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या पुढच्या आचार्यांनी अभाव, म्हणजे नसणे, हा अस्तित्वाचा स्वतंत्र प्रकारच (पदार्थ) मानला. तपासणाऱ्याने यातून एवढे घ्यावे की ‘नाही’ म्हणणारे विधान आले, की कुठे नाही आणि केव्हा नाही याची चौकट अधिक काटेकोर आखावी.

मेळ बसतो का ते पाहा

जिथे वस्तुस्थितीपर्यंत थेट पोहोचता येत नाही तिथे सुसंगतीची कसोटी लागते, आणि इतिहासाचे बहुतेक काम तिच्यावर चालते. ‘मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक’ हे विधान पाहा. मेघदूत या कालिदासाच्या काव्यात मेघाचा प्रवास रामगिरीवरून सुरू होतो. कालिदासाला विचारता येत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष मांडला तो वेगवेगळे धागे एकमेकांना जोडून. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामगिरीच्या देवाच्या, पायांपासून दिलेला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन मानले जाते. आणि काव्यातला मेघ रामगिरीहून निघून आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी असा जातो, तो मार्ग इथून निघाला तर जुळतो. छत्तीसगडमधल्या सरगुजातील रामगढचा पक्ष घेणारे अभ्यासकही आहेत आणि तेही आपले धागे असेच जोडतात. अशा ठिकाणी एकेक पुरावा सुटा पाहून उपयोग नसतो. एक धागा ओढला की बाकीचे किती हलतात, ते पाहावे लागते.

एफ. एच. ब्रॅडली, हॅरोल्ड जोअकिम, ब्रँड ब्लॅनशार्ड यांच्यासारखे विचारवंत याच्याही पुढे गेले. सुसंगती हे सत्याचे स्वरूपच आहे, संपूर्ण ज्ञानव्यवस्थेत विधान सामावणे म्हणजेच ते खरे असणे, असे जोअकिम आणि ब्लॅनशार्ड यांनी मांडले. इथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि तीत आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. समजा एखाद्या कुशल कादंबरीकाराने भोसले जिंकल्याची कथा लिहिली, पुढची सगळी पत्रे, तह आणि वंशावळी त्या विजयाला साजेशा रचल्या, आणि आतून एकही विसंगती राहू दिली नाही. कथा पूर्णपणे सुसंगत होईल, पण सीताबर्डीच्या टेकडीवर जे झाले ते बदलणार नाही. रसेलने सुसंगतीवाद्यांवर घेतलेला मुख्य आक्षेप याच जातीचा होता: एकमेकांशी न जुळणाऱ्या पण आपापल्या आत सुसंगत अशा कितीतरी व्यवस्था रचता येतात, मग त्यांतली खरी कोणती? म्हणून ही कसोटी वापरताना नियम असा ठेवावा की विसंगती सापडली तर काहीतरी खोटे आहे हे नक्की, पण सुसंगती सापडली तर फक्त पुढे पाहण्याची परवानगी मिळाली.

फळ पाहा, पण फळ कशाचे ते ओळखा

चार्ल्स पर्स याने १८७८ मध्ये असा विचार मांडला की सर्व शोधकांचे अखेरीस ज्यावर एकमत होणे अटळ आहे ते सत्य. विल्यम जेम्सने १९०७ मध्ये तो विचार व्यक्तीच्या अनुभवाजवळ आणला: जी कल्पना स्वीकारून वागल्यावर अनुभवात आपल्याला नीट पुढे नेते, ती खरी. आपल्याकडे धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने ज्ञानाच्या अविसंवादाचा, म्हणजे ज्ञान फसवे न निघण्याचा, संबंध अर्थक्रियेशी, म्हणजे वस्तूने अपेक्षित कार्य प्रत्यक्ष करून दाखवण्याशी, जोडला. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर पुढे पाणी चमकताना दिसते. जवळ गेल्यावर ते पाणी होते की मृगजळ होते हे तहान भागते की नाही यावरून कळते. ही कसोटी प्रामाणिक आहे.

तिचा धोका कांद्याच्या उदाहरणात आहे. ज्या आजोबांना कधी ऊन लागले नाही, ते खिशात कांदा ठेवत, डोक्याला दुपट्टा गुंडाळत, निघताना भरपूर पाणी पीत, घरी परतल्यावर कैरीचे पन्हे घेत आणि दुपारी बारा ते चार शक्यतो बाहेरच पडत नसत. फळ खरोखर मिळाले, यात शंका नाही. ते दुपट्ट्याचे, पाण्याचे, सावलीचे की कांद्याचे, हे त्या फळाकडे पाहून कळत नाही. म्हणून फळाची कसोटी लावताना एकेक गोष्ट वगळून पाहावी: कांदा नसताना बाकी सगळे केले तर काय होते? आणि दुपट्टा, पाणी, सावली सोडून नुसता कांदा घेतला तर काय होते? दुसरा प्रयोग प्रत्यक्ष करू नये, पण तो मनात मांडला की विधानातला कोणता भाग अजून तपासलेलाच नाही ते स्पष्ट दिसते.

‘खरे’ हा शब्द काढून पाहा

१९२७ मध्ये फ्रँक रॅम्झीने दाखवले की ‘संत्री गोड आहेत हे खरे आहे’ असे म्हणणे आणि ‘संत्री गोड आहेत’ असे म्हणणे यांत आशयाचा फरक नाही. जिथे ‘खरे’ शब्द दिसेल तिथे तो काढून वाक्य पुन्हा वाचावे. ‘खरे तर’, ‘अगदी सत्य सांगायचे तर’ अशा शब्दांनी नुसता जोर वाढवला असेल, तर तो लगेच गळून पडतो आणि विधान उघडे होते. काही ठिकाणी मात्र शब्द निघत नाही: ‘त्या साक्षीदाराने सांगितलेले सगळे खरे होते’ यातून ‘खरे’ काढले तर वाक्यच उरत नाही, कारण न उच्चारलेली अनेक विधाने तो शब्द एका मुठीत धरतो. या शब्दाचे काम एवढेच, त्याच्यामागे आणखी गूढ स्वरूप शोधू नये, असे या पक्षाचे आजचे समर्थक म्हणतात.

आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ मध्ये दिलेली अट यासारखीच दिसते: ‘बर्फ पांढरा आहे’ हे वाक्य खरे, जर आणि तरच, बर्फ पांढरा आहे. अवतरणचिन्हांत असलेले वाक्य आणि बाहेरचे जग यांतला हा सांधा आहे, आणि तो नीट बसवण्यासाठी टार्स्कीने ज्या भाषेविषयी बोलायचे ती आणि जिच्यात बोलायचे ती, अशा दोन पातळ्या केल्या. तसे केले नाही तर ‘हे वाक्य खोटे आहे’ यासारखी वाक्ये खरी मानली की खोटी होतात आणि खोटी मानली की खरी होतात. तपासताना एखादे विधान स्वतःच्याच खरेपणाविषयी बोलत आहे असे आढळले, तर ते बाजूला काढून ठेवावे.

कोणत्या बाजूने पाहिले ते नोंदवा

‘नागपूर उत्तरेला आहे’ हे हैदराबादेत बसून म्हटले तर खरे आणि जबलपुरात बसून म्हटले तर खोटे. जैनांच्या स्याद्वादात प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’, म्हणजे एका विशिष्ट बाजूने पाहता, असे जोडतात ते यासाठी. कोणतेही विधान कसेही खरे होते, असा त्याचा अर्थ लावणे ही मोठी चूक आहे. हैदराबादेहून पाहायचे असे एकदा ठरले की नागपूर दक्षिणेला आहे म्हणणे सरळ खोटे ठरते.

एक विधान शेवटपर्यंत नेऊन

‘शून्य मैलाचा दगड हा भारताचा मध्यबिंदू आहे’ हे विधान आता या क्रमाने सोडवू. लिहून काढताना लगेच दिसते की ‘भारत’ आणि ‘मध्य’ हे दोन्ही शब्द अपुरे आहेत. हा दगड १९०७ सालचा सांगितला जातो. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात ब्रह्मदेशही होता, तो १९३७ मध्ये वेगळा झाला आणि १९४७ मध्ये पाकिस्तान झाले. म्हणजे निदान तीन नकाशे झाले. मध्य म्हणजे क्षेत्रफळाचा तोल साधणारा बिंदू, की चारही टोकांपासून सारखा दूर असलेला, की जिथून रस्त्यांची अंतरे मोजली तो? शेवटच्या अर्थाने विधान दगडावर कोरलेल्या अंतरांपुरते पाहता येते, आणि त्या मर्यादेत ते माणसांनी ठरवलेल्या वस्तुस्थितीविषयी आहे. पहिल्या अर्थाने ते भूगोलाविषयी आहे, आणि तिथे कोणाचा ठराव चालत नाही. शहराचा अभिमान आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ऐकीव माहिती यांच्याशी विधान उत्तम जुळते. ती सुसंगती बाजूला नोंदवून ठेवावी आणि तेवढ्यावर निकाल देऊ नये.

क्षेत्रफळाचा मध्य घरी काढून पाहता येतो. सारख्या जाडीच्या पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवून सीमेवरून काळजीपूर्वक कापावा. कडेला एक भोक पाडून पुठ्ठा टाचणीवर मोकळा लटकवावा, त्याच टाचणीला वजन बांधलेला दोरा सोडावा आणि दोऱ्याखाली रेघ मारावी. मग दुसऱ्या भोकातून तेच करावे. दोन रेघा जिथे छेदतात तो तोलाचा बिंदू. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना थोडी चूक येते, म्हणून उत्तर ठिपक्याऐवजी लहान वर्तुळाने दाखवावे. हे १९०७ च्या, १९४७ च्या फाळणीपूर्वीच्या आणि आजच्या अशा तिन्ही सीमांच्या नकाशांवर करावे, मिळालेली वर्तुळे एकाच कागदावर उतरवावीत, नागपूरची जागा शाईने दाखवावी, आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी ते ज्या विधानाचे उत्तर आहे ते विधान पूर्ण शब्दांत लिहावे.